बाणकोटचं विलायती टपाल

बोट बाहेरच थांबते, खोल पाण्यात.
पडाव जातो, थैली घेऊन येतो.
थैलीला डांबराचा वास, सुक्या म्हावऱ्याचा,
आणि खोटं नाही सांगत,
कार्डिफची पाकिटं असली की कोळशाचा.

मी इथला सब-पोस्टमास्तर.
तिकिटावरच्या राजाच्या दाढीवर शिक्का हाणतो.
शाई संपते, राजा संपत नाही.
वर किल्ला आहे, त्याचं नाव व्हिक्टोरिया,
राणी जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून.
म्हणजे आमचं गाव साहेबाच्या वहीत
तसं जुनंच गिऱ्हाईक.

हुरमतबी हमदुले मंगळवारी येते.
चपला पायरीखाली काढते, तिथेच उकिडवी बसते.
इस्माईल बॉयलरपाशी असतो, आगवाला.
त्याची पत्रं दाभोळचा एक भंडारी लिहून देतो,
मोडीत, एका श्वासात,
म्हणून मीही एका श्वासात वाचतो :

इकडे मजूर लोकांचं सरकार आलं होतं
खोलीवाल्या म्हातारीनं खिडकीत दिवा लावला होता
नऊ महिन्यांनी ते पडलं
नवा प्रधान पाइप ओढतो
मनिऑर्डर पुढल्या बोटीनं.

"नऊ महिन्यांनी पडला?" हुरमत म्हणाली,
"मग जल्माला काय आला, मास्तर?"
मी हसलो. ती हसली नव्हती.
"आणि पडला तो कोणाच्या डोक्यावर?
नारळसुद्धा उगाच नाय पडत."

याचं उत्तर पुढल्या वर्षी आलं, पंचवीस साली,
साध्या पाकिटातून.

पोलीस ठाण्यात रांग होती, म्हणतो इस्माईल.
काळे, सावळे, सगळे खलाशी.
नवा हुकूम निघालाय. ज्याच्याकडे कागद नाही
त्यानं अंगठा द्यायचा, फोटो द्यायचा, कार्ड घ्यायचं.
मी सांगितलं, बाणकोटचा आहे, तुमच्याच राजाचा.
शिपाई म्हणाला, बाणकोट कुठे लिहून आणलंयस?
कार्डावर मला म्हटलंय : एलियन.

मोडीत तो शब्द
नांगी तुटलेल्या खेकड्यासारखा दिसत होता.
मी थांबलो. चष्मा पुसला, नसलेली धूळ काढली.
मग वाचलं : "नोंदणी झाली. तब्येत बरी आहे."

तीन मंगळवार मी हिशेबाच्या वहीत
नको तिथे डोकं घालून बसलो.

चौथ्या मंगळवारी ती आली, पायरीवर बसली नाही.
मंडणगडला शिकणाऱ्या भाच्याकडून
पत्र पुन्हा वाचून घेतलं होतं.
"मास्तर, एक शब्द खाल्लात."

मी म्हटलं, वाईट शब्द होता.
त्याचा अर्थ परका. त्यांच्या राज्यात राहून परका.

तिनं खाडीकडे हात केला.
पलीकडे बागमांडले, नवाबाचा मुलूख,
तिथलं जकातीचं नाकं वेगळं, तिथलं सरकारही.
"मी तिकडची. एक ट्रंक नि दोन कोंबड्या घेऊन
तरीतून आले या काठाला.
सासू तीन वर्षं मला नावानं नाय बोलली.
पलीकडची म्हणायची.
पलीकडची, पाणी आण. पलीकडचीनं मीठ जास्त टाकला.
हा शब्द माज्या ओळखीचा, मास्तर.
माज्याच घरचा शब्द माज्यापासून लपवलात?"

मी काय बोलणार.
तरवाल्यानं खालून कोणाला तरी हाक मारली.
माशी तराजूच्या पारड्यावर बसली होती,
पारडं हललं नाही.

मग तिनं पदराच्या गाठीतून आणे सोडले,
एकेक मोजून माझ्यापुढे ठेवले.
"लिवा," म्हणाली.

लिव, कार्ड दमट जागी ठेवू नको.
अंगठ्याची शाई राखेनं निघते.
त्या म्हातारीला विचार, दिवा आता लावते काय.
आणि लिव, तीन वर्षं लागतात.
मला लागली.

लिहिलं. पाकीट चिकटवलं.
तिकीट लावलं, राजाचं तोंड कार्डिफकडे.
शिक्का उचलला, आणि त्या दिवशी
जरा जोरातच बसला.