गप्प दगड

साक्रीच्या पुढे, जिथे काळ्या दगडाची भिंत
शेतं कापत सरळ डोंगरात शिरते,
तिथे सुपडूमामा विहिरी खणायचा.
पहारीचं टोक खडकावर, दांडा कानाला.
‘टण् म्हणाला तर सलग. भद् म्हणाला तर मागे पोकळ.
कुरकुरला तर बरं. कुरकुरतो तो सांगून पडतो.’

मी आता पडद्यासमोर बसते,
गावापासून तीन विमानं दूर, तांब्याच्या खाणीत.
तिथे डोंगर फोडत नाहीत.
त्याचा तळ कापतात, आडवा,
आणि वजनालाच कामाला लावतात.
वरचा खडक आपल्याच भाराने तडकतो, ढासळतो,
कणगीच्या भोकातून ज्वारी काढावी
तसा आम्ही तो खालून ओढतो.
त्याच्या पडण्यावर आमचा पगार.

भीती वेगळीच: तो पडायचा थांबतो.
कमान धरतो. खालून माल जात राहतो,
मधे हवा वाढत जाते, अंधारी, गावाएवढी,
आणि तिच्यावर छत, कुणीच न बांधलेलं.
ते आलं की दगडाआधी हवा येते,
बोगद्यातून माणसं भुशासारखी उडतात.

खडकात पुरलेले दोनशे कान पडद्यावर ठिपके टाकतात.
रोज हजार-बाराशे.
परवाच्या सोमवारी चाळीस. मग सात.
मग कोरा.
उत्पादनवाले खूश: ‘शांत झालाय.’

मला दहिवेलची विहीर आठवली.
बेचाळीस फुटांवर गेरूचा तांबडा पट्टा, मऊ, ओला.
मालकाला पाणी दिसलं: ‘घ्या अजून आत.’
चार हात आत गेल्यावर
वरचा काळा थर एकदम गप्प झाला.
मामाने यारी थांबवली, सगळे वर.
दगड पडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.
आठवडाभर गाव हसलं, मालकाने मजुरी कापली,
मामी भांडली.
नवव्या रात्री आधी कुत्री ओरडली.
सकाळी यारीचा एक पाय तेवढा वर होता.
मजुरी कापलेलीच राहिली.

हे अहवालात कसं लिहायचं?
मी लिहिलं: घटना शून्य. माल ओढणं थांबवा, माणसं बाहेर काढा.
‘आधार?’
मी आलेख जोडला. कोरा.

आज चौथा दिवस. काहीच पडलेलं नाही.
मामाला आता दोन्ही कानांनी ऐकू येत नाही,
तरी व्हिडिओवर तोच ओरडून विचारतो:
‘काय व पोरी, बोलस का तुना दगड?’
मी मान हलवते.
मग तो फोन कानाला लावतो,
पहारीचा दांडा लावायचा तसा,
आणि मला नुसता त्याचा कान दिसतो.