सव्वादोन मिनिटांचं वेंगुर्लं

मी नगरपरिषदेत आवक-जावकचा कारकून.
साहेबांचं बोट माझ्याकडे वळलं म्हणून तीन दिवस
पुण्याहून आलेल्या पाच पोरांमागे फिरलो,
पाण्याचे कॅन आणि नाहरकत दाखल्यांची फाइल घेऊन.

पहिल्या दिवशी त्यांना होडी हवी होती, आणि होडीत माणूस.
ट्रॉलरवरचे खलाशी निम्मे नेपाळी.
कॅमेऱ्यामागचा म्हणाला, चेहरा जरा इथला द्या.
तेव्हा बर्फाच्या कारखान्यातून बाबली मोर्जेला उठवून आणलं,
जो होडीत पाय ठेवला की ओकतो.
त्याच्या हाती वल्हं दिलं.
पडद्यावर दर्याचा राजा तोच. अकरा सेकंद.

त्यांना सूर्य समुद्रातून वर येताना हवा होता.
मी म्हटलं, इथे तो बुडतो.
ते म्हणाले, चालेल, उलटं फिरवू.
म्हणून आमच्या गावात आता सूर्य पश्चिमेला उगवतो
आणि बगळे शेपटीच्या बाजूने उडत
घरून निघाले तिथे परत जातात.
खरं उजाडलं तेव्हा पोरं लॉजवर झोपलेली होती.
स्टँडसमोरून बांबोळीच्या इस्पितळाची गाडी सुटत होती,
आत आठ माणसं, मांडीवर रिपोर्टांच्या पिशव्या.
त्यांतल्या एकाने मला विचारलं,
शूटिंग आज आहे का?
म्हटलं, आहे, पण दहानंतर.

बाजारातली ओली फरशी त्यांना फार आवडली.
ती का ओली असते, विचारलं नाही.
वास पडद्यावर येत नाही
हे आमचं नशीब की बघणाऱ्याचं,
मला काही ठरवता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी ड्रोन.
बंदरामागच्या वाळवणावर द्वारका गिरप
खारे बांगडे उलटत होती.
डोक्यावर घरघर झाली. तिने मान वर केली,
कपाळाशी हात नेला,
मग तोच हात जोरात हवेत,
एकदा, दोनदा, परत एकदा.

आता ती एक मिनिट सतराव्या सेकंदाला येते.
हात संथ केलाय. मागे बासरी.
खाली अक्षरं उमटतात,
या, आम्ही वाट बघतोय.

सभागृहात टाळ्या नेमक्या तिथेच पडल्या.

मी वाळवणाशी उकिडवा बसून
तिला मोबाइलवर दाखवली.
तिने दोनदा बघितली, दुसऱ्यांदा चष्मा लावून.
‘मी खय कोणाक बोलवलंय?
माका घार वाटली. हाड् म्हटलंय.’
मग विचारलं, ह्याका पैसे किती लागले?
मी सांगितले.
ती काही बोलली नाही, राहिलेले बांगडे उलटले.

दिवाळीपासून लोक येतात.
गाडी हळू होते, काच खाली सरकते,
हात बाहेर येतात आणि हलतात
अगदी तिच्यासारखे, संथ.
पहिले काही दिवस ती वळून मागे बघायची,
कोणाला दाखवताहेत म्हणून.
बाबलीलाही शोधतात. तो कारखान्याच्या मागल्या दाराने जातो,
कारण एकदा कोणीतरी त्याला
होडीतून फिरवून आण म्हणालं होतं.

काल एक बाई वाळवणाच्या दोरीपर्यंत आली.
मावशी, तसाच हात करा ना, फिल्ममधल्यासारखा.
द्वारकाने हातातला बांगडा खाली ठेवला,
पदराला बोटं पुसली, हात वर केला.
चार मोबाइल उचलले गेले.
तेवढ्यात मागून घार आली, खरी,
आणि कडेचा मोठा बांगडा उचलून
दीपगृहाच्या दिशेने गेली.

कोणाच्याच फोटोत ती आलेली नाही.
द्वारकाने त्या बांगड्याचे वीस रुपये सांगितले.
बाईने पन्नास दिले
आणि घार कसली, असं ड्रायव्हरला विचारलं.