पावशेर

पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या वर्षी
सरकारने शेर, अदपाव, छटाक सगळं रद्द केलं
आणि मी, वजनमापे खात्याचा कनिष्ठ निरीक्षक,
सागवानी पेटीत नवे पितळी ग्रॅम घेऊन
खडकी बाजारात फिरत होतो.
जुनी वजनं पोत्यात टाकायची, पावती फाडायची,
शिव्या ऐकायच्या. त्या पगारात धरलेल्या असत.

ठकूबाई थोपटे. लसूण, मिरची, आलं.
फॅक्टरीचा भोंगा झाला की तिच्या तरटापुढे
कामगारांची रांग.
तिच्या तागडीत वजन नव्हतं, एक चकती होती,
तळहाताहून मोठी, काशाची,
तीवर सिंह, सिंहापाशी उभी एक बाई,
बाईच्या कपाळी कुंकू,
आणि कुंकवाने बुजलेली इंग्रजी अक्षरं.

"ह्यो माझा पावशेर."
कुणी दिला?
"सरकारनं. तुमच्याच."
ते सरकार आमचं नव्हे, असं सांगणार होतो,
पण हातातलं पावतीपुस्तक त्याच मापाचं होतं.

तिनेच पदराने पुसून दिली. मी वाचलं:
कुसबा भिकू. शचा स झालेला, थोपटे गळालेलं, हुद्दा नाही.
कडेने गोल फिरत: हा मेला
स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी.
"काय लिवलंय? किती भरतंय त्ये?"

मी पेटी उघडायला लागलो. ती बोलायला लागली.

भरतीला काट्यावर उभा केला तेव्हा एकशे अठरा रत्तल.
छाती मोजली, दात मोजले, बैलासारखे.
अंगाची हळद अजून पिवळी होती.
बसऱ्याच्या वर कुठंसं कूत म्हणून गाव, तिथं वेढा पडला.
पिसाळांचा सुभान्या जिता परत आला, त्यानं सांगितलं:
रोज तागडी लावून पीठ वाटायचे.
आधी पोटभर, मग अर्धं,
मग मुठीत मावून वर बोटं मिटतील एवढं जवाचं.
घोडी कापली. ह्यानं तोंड लावलं नाही.
म्हणाला, गावात कुणी पाणी द्यायचं नाही.

ठकूबाईने मिरच्यांचा ढीग उगीच सारखा केला.
"म्या दिलं असतं."

गोळी नाही लागली.
हिरड्या सुजल्या, दात हलले, मग उठवेना.
सुभान्यानं एकट्यानं खांद्यावर नेला,
म्हणाला, वैनी, पेंढीसारखा हलका.

पेन्शन सासऱ्याच्या अंगठ्यावर आली,
सासऱ्यामागं दिराच्या.
ही चकती कुणी मागितली नाही.
मोडीवाला चार आणे म्हणाला, म्हणून ठेवली.
वर सिंव्ह हाय, देवी असंल.

तोवर काटा स्थिर झाला होता.
तीनशे चौतीस ग्रॅम. जुन्या हिशेबाने
पावशेराला साडेआठ तोळे जास्त.
मावशी, म्हटलं, चाळीस वर्षं तुम्हीच बुडताय.
गिऱ्हाइकाला दर खेपेला लसूण जादा जातोय.

ती हसली. दात तिचेही थोडेच.
"उपाशी मेल्यालं मानूस
जादा भरतंय व्हय!"
आणि हसता हसता मिरचीचा हात डोळ्याला लागला,
की लावला, ते मला ठरवता आलं नाही.

नोंदवहीत लिहिलं: काशाची चकती एक.
अप्रमाणित. जप्त केली नाही.
साहेबांनी लाल शाईत विचारलं, कारण?
तो रकाना अर्ध्या बोटाचा होता.

पुढच्या महिन्यात तिच्या तागडीत
अडीचशे ग्रॅमचं लोखंडी वजन, शिक्क्यासकट. कायदेशीर.
चकती पाण्याच्या घागरीवर झाकण.
मी पावशेर लसूण मागितला. काटा बरोबर आला,
मग तिने वरून चार कुड्या टाकल्या.
"रोजची सवं हाय लोकांस्नी."

घरी पेटी होती, काटा होता.
तोलला नाही.