किटली ठेवल्यावर

भिंतींना कान असतात म्हणतात.
आमच्या खात्याने भिंतींना अख्खा माणूस दिला:
जेथ्रो पिकरिल, वय सव्वीस.
हवाई जहाजाच्या बॉयलरवर कोळसा ओढता ओढता
डर्बीच्या वर कुठेतरी फुटला,
आणि तिसऱ्या दिवशी कामावर हजर झाला.

मेलेल्यांना पगार नसतो.
खात्याला हे फार सोयीचं पडतं.

मी केझाया. नॉटिंगहॅमच्या लेस बाजारात
चौथ्या मजल्यावर जॅकार्ड मागाची कार्डं टोचते.
दिवसा फर्न, गुलाब, द्राक्षवेली.
रात्री त्याच वेलींच्या पोटात
कुठल्या वकिलातीत कोण कोणाला काय म्हणालं, ते.
कार्डं मागावर चढतात, वाफ सुटते,
आणि दोन महिन्यांनी व्हिएन्नात
कुणी बाई नाचायला जाते
इंग्लंडचं गुपित गळ्याभोवती घालून.
तिला वाटतं, नुसती कॉलर.

आमचा मुकादम पौर्णिमेला रजेवर असतो.
दुसऱ्या दिवशी दाढी करून येतो, मान खाली, नखांत माती.
कुणी काही विचारत नाही.
या शहरात माणसाने वेळेवर यावं, एवढंच बघतात.

जेथ्रो तसा दिसत नाही. वाफेत दिसतो.
म्हणून मी किटली ठेवते.
आधी खांदे येतात, मग हनुवटी,
शेवटी ती भाजलेली डावी भुवई.
पाणी आटलं की तो बोलता बोलता अर्धा राहतो,
मी उठून ओतते,
जशा दुसऱ्या बायका आमटी वाढतात, न विचारता.

कोळसा महागला. मी आधी मांस सोडलं, मग मेणबत्त्या.
शेजारीण म्हणते, एवढा चहा पितं तरी कोण तुझ्याकडे?

त्याला वाचता येत नाही.
खात्याने त्याला निवडला तो याचसाठी.
बंद पाकिटात शिरायचं, अक्षरांचे आकार डोळ्यांत भरायचे,
आणि माझ्या खिडकीच्या घामेजल्या काचेवर
बोटाने जसेच्या तसे उतरवायचे.
मग विचारतो, चांगली बातमी आहे ना?
मी म्हणते, राजकारण आहे.
तो हसतो. वाफेत हसू नीट उमटत नाही,
मी सवयीने ओळखते.

गूज फेअरच्या रात्री, खाली
वाफेवरचे लाकडी घोडे गोल फिरत असताना,
तो उशिरा आला.
आजचं पाकीट परक्यांचं नव्हतं. आमचंच, लंडनचं;
माझ्या लेसमधून एडिंबरच्या यंत्रशाळेत जायचं.
काचेवर पहिलं अक्षर 'पी', नेहमीसारखं लांब शेपटीचं.
पिकरिल.
पुढे: भरवसा उरलेला नाही.
पुढे एक तारीख. आणि ते यंत्र,
ज्याचं नाव आम्ही मोठ्याने घेत नाही,
ज्यात शिरलेली वाफ परत येत नाही.

स्वतःचं दुसरं मरण
त्याने सुवाच्य अक्षरांत लिहून दिलं मला,
आणि मागे सरून उभा राहिला,
मास्तरांना पाटी दाखवणाऱ्या पोरासारखा.

चांगली बातमी आहे ना?

मी बाहीने काच पुसली.
कुणा उमरावाच्या लग्नाचं आहे, म्हटलं,
आणि टोचणी घेतली.
रात्रभर टोचलं, सगळं, इमानाने,
फक्त नावात एक भोक सोडलं.

लेसमध्ये ते एका गुलाबाला एक पाकळी कमी, एवढंच दिसतं.
एडिंबरची माणसं वसंतापर्यंत
कुणा पिकरेलला शोधत होती. अजूनही शोधत असतील.

आता जेथ्रो म्हणतो, मला वाचायला शिकव.
नाही कसं म्हणू?
रोज किटलीपाशी एक अक्षर, काचेवर, क्रमाने.
'ओ'पर्यंत आलो आहोत.
'ओ'वर बरेच दिवस आहोत.
इतकं गोल अक्षर, मी त्याला सांगते,
घाईने येत नसतं.