तासिका तत्त्वावर

बी. ए. तृतीय वर्ष, घटक तीन : उदारमतवाद.
पटावर त्रेसष्ट, समोर अकरा.
त्यातल्या चौघींची येलदरीकडची एसटी
पावणेचारला जिंतूर सोडते,
म्हणजे साडेतीनला
राज्यसंस्था कुठंही पोचलेली असो,
त्या उठणार.

मी तासावर शिकवते.
तास झाला तर तासाचे पैसे.
सुट्टी लागली, मोर्चा निघाला, कुणी मोठं वारलं
की तास जातो,
तत्त्व तेवढं उरतं.

फळ्यावर एक वर्तुळ काढलं.
म्हटलं, हे तुमचं.
इथं तुम्ही काय वाचता, कुणाला मानता,
की कुणालाच मानत नाही,
याचा जाब सरकारनं विचारायचा नाही.
आणि गावानंही.
दुसऱ्याला इजा होते तिथं रेघ संपते.
खडू दमट होता, रेघ जुळली नाही,
एका अंगाला बोटभर फट राहिली.
शाहेदा म्हणाली, "मॅडम, भाऊ तिथूनच येतो आत."
कुणी हसलं नाही.
फट बुजवायला हात उचलला
आणि तसाच खाली आणला.

संमती शिकवताना मी जुन्या हैदराबाद राज्यावर येते.
आपल्या पणज्यांनी सारा भरला हाली रुपयात,
अर्ज लिहून घेतले दुसऱ्याकडून, उर्दूत,
खाली अंगठा आपला.
काय लिहिलंय ते अंगठ्याला माहीत नसायचं.
त्यांना कुणी विचारलं नव्हतं, पोरांनो.
"मग आता इचारतेत का?" गजानन झोडपे.
"पाच वर्षांनी."
"आन् मधी?"
मधल्या काळासाठी कायदा आहे, कोर्ट आहे,
वर्तमानपत्र आहे,
आणि तुझ्यासारखं तोंड.
तो खूश झाला.
मी पान उलटलं.

मग तो खेळ. दरवर्षी घेते.
समजा वस्तीवर टँकर येणार.
घरं चाळीस.
तुमचं घर कितवं, जात कोणती,
खाणारी तोंडं किती, तुम्ही बाई की गडी,
हे सगळं एका मिटल्या चिठ्ठीत आहे.
चिठ्ठी उघडायच्या आधी
पाणीवाटपाचा नियम लिहा.

गजाननला स्वतःला विसरायला मिनिटही लागलं नाही.
त्याच्या घरी बोअर आहे.
त्यानं सुरेख लिहिलं : सर्वांना समान.

सुमित्रा खिल्लारे कोऱ्या कागदाकडं बघत बसलेली.
"कामून गं?"
"इसरता येईना, मॅडम.
आमचं घर एकोणचाळिसावं.
पाइप आमच्यापस्तोर येतो तव्हा टँकर रिकामा वाजतो,
पत्र्याच्या डब्यावानी.
चिठ्ठी मिटली तरी
कान कसे मिटायचे?"

मला उत्तर होतं. नोट्समध्ये होतं,
दुसऱ्या परिच्छेदात, अधोरेखित.
ते मी दिलं नाही.
म्हटलं, मग न विसरता लिही.

चौघी दप्तरं आवरू लागल्या तेव्हा
तिनं कागद टेबलावर ठेवला.
एकच ओळ :
पाइप ज्याच्या हातात, त्याची घागर शेवटी.

मी ती फळ्यावर उतरवली,
वर्तुळाच्या फटीपाशी जागा होती तिथं.
गजाननला काहीतरी म्हणायचं होतं
पण बेल झाली,
आणि पुढचा तास अर्थशास्त्राचा,
कायम नोकरीवाल्या सरांचा.
ते डस्टर घेऊनच येतात.

कार्यालयात कुलथे भाऊसाहेबांनी थांबवलं.
"मॅडम, हमीपत्र राहिलं बघा तुमचं."
सदर नियुक्ती निव्वळ तासिका तत्त्वावर असून
कायमपणाचा कोणताही हक्क मी सांगणार नाही.
हे मी स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय
लिहून देत आहे.

लिहिलेलं नव्हतं, छापलेलं होतं.
स्वखुशीसुद्धा.

मी पूर्ण वाचलं. दोनदा.
भाऊसाहेब घड्याळाकडं बघत होते.
पेन त्यांचं, कुणी नेऊ नये म्हणून
सुतळीनं टेबलाला बांधलेलं.
माझ्या आडनावातली शेवटची दोन अक्षरं
सुतळीला पुरली नाहीत.
"चालतंय," ते म्हणाले,
आणि शिक्का मारला.