सात हजार दोनशे फुटांवर

भाऊ मिरजेहून एकटेच आले.
बॅगेत थालीपिठाची भाजणी, कानटोपी,
आणि बनियनमध्ये गुंडाळलेला
कॉलेजच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर.
"हा कशाला?"
"असू दे."

पहिल्याच सकाळी त्यांनी अंडी लावली.
आधी पाण्याला खळखळून उकळी,
मग अंडी चमच्यावरून एकेक आत,
निजलेलं पोर पाळण्यात ठेवावं तशी,
आणि मनगटावरच्या घड्याळात सात मिनिटं.
चाळीस वर्षं सातच.

फोडलं तर पांढरं थरथरत होतं.
"शेंबूड," म्हणाले,
आणि माझ्याकडे असं बघितलं
जणू पाण्यात मीच काही कालवलंय.

मग बनियन उलगडली.
त्र्याण्णव.
गॅस मोठा केला. झाकण ठेवलं, काढलं.
त्र्याण्णव.
"हेमे, हे पाणी नुसतं उड्या मारतंय गं.
तापत कुठं नाही."

लॅरमी, वायोमिंग. गाव एवढं उंचावर
की पाण्याच्या डोक्यावर हवेचा हात हलका,
जरा ऊब लागली की लगेच खदखदतं.
अकरा वर्षं राहतेय इथं, कधी मोजलं नव्हतं.
वरण कुकरात, अंडी अंदाजानं,
कच्ची निघाली तर परत पाण्यात, एवढंच.

मिरजेला अंड्याचं पातेलं वेगळं होतं,
पोचे आलेलं, परसात मोरीपाशी पालथं.
आईनं दिलेली सूट तेवढीच:
वातीचा स्टोव्ह, तोही तुळशीकडे पाठ करून.
भाऊ उकिडवे, डोळे घड्याळावर,
आत भाकरी जरा जास्तच जोरात थापली जायची.
"झाली का तुमची प्रयोगशाळा?"

इथं विजेच्या बिलामागे त्यांनी पेन्सिलनं लिहिलं:
आठ, नाही.
नऊ, कडेनं बसलं, पुढे बघू.
साडेनऊ. खाली दोन रेघा.
चौदा, डब्यासाठी.

तेवढ्यात व्हर्ना लुंडक्विस्ट
कुंपणावरून डझनभर देऊन गेली,
काही अजून कोंबडीइतकी कोमट.
साडेनऊ बरोबर मोजली,
पण सोलायला घेतलं आणि कवचाबरोबर
पांढऱ्याचे लचकेच निघाले.
ताटलीत बारा देवीचे व्रण.

व्हर्ना हसली, सात बोटं दाखवली.
भाऊ बिथरले. "परत सात?"
त्यांनी नऊ बोटं दाखवली, दहावं अर्धं दुमडून.
तिनं पुन्हा सात.
त्यांनी बिल आणून दाखवलं, दोन रेघांसकट.
माती तपासून मी घरी आले तेव्हा
दोघं कुंपणाला धरून बोटं नाचवत होते,
वारा दोघांच्या टोप्या ओढत होता.
सात दिवस, मी म्हटलं. मिनिटं नव्हेत.
ताजं अंडं कवच सोडत नाही,
फ्रिजच्या मागं सरकवा आणि विसरा.

विसरले कसले. रोज दार उघडून बघायचे.
आठव्या दिवशी बर्फाच्या पाण्यात टाकून,
बुडाला हलकेच टिचकी,
तिथल्या पोकळीत नख, आणि पापुद्रा धरून
एका सालीत अख्खं बाहेर काढलं.
पहिलं व्हर्नाला नेऊन दिलं, मीठ-तिखट लावून.
तिला ठसका लागला. दुसरं मागितलं.

मार्चमध्ये परत गेले. परवा फोन:
"चार फुकट गेली. बलकाला हिरवं कडं.
साडेनऊ मिनिटं ठेवली की मी."
"पातेलं तेच?"
"तेच." मग जरा थांबून,
"आत लावतो आता. गॅसवर."

मी काही बोलले नाही. तेही नाहीत.
मागं कुठं तरी कुणाचा तरी कुकर वाजला.
मग म्हणाले,
"इथलं पाणी फार तापतं गं."