होडीवर दोरी नसते

पहिला नियम. होडीवर दोरी नसते.
दोरी दुकानात असते, गाईच्या गळ्यात असते.
इथे चढली की तिला काम लागतं,
आणि काम लागलं की नाव.
शीड वर ओढते ती हालयार्ड.
भरल्या शिडाला आवरते, ढील देते, ती शीट.
हसा, सोहोनीबाई. पहिल्या वर्षी मलाही वाटलं
साहेबाने चादर मागवली,
आणि मी नेलीसुद्धा,
धुतलेली, घडीची, कॅम्पातल्या माझ्याच खाटेवरची.

उम्म अल क्वैनची ही खाडी ओहोटीला मांडीभर.
बुडायचं म्हटलं तर मेहनत घ्यावी लागेल.
तेव्हा घाबरू नका, आणि डावं-उजवं म्हणू नका.
नाळेकडे तोंड करा. डाव्या हाताला पोर्ट.
आता मागे वळा, तिवरांकडे बघा.
हात बदलले ना? पोर्ट तिथेच आहे.
ते होडीचं असतं, तुमचं नव्हे.
रात्री त्या अंगाला लाल दिवा,
लांबून येणाऱ्याला कळावं म्हणून
की आपलं तोंड कुठे आहे.

वारा येतो ती एक बाजू, वारा जातो ती दुसरी.
उलटी दुसऱ्या बाजूला.
आज एवढं पाठ झालं तरी फी वसूल.

थेट वाऱ्याच्या तोंडावर मात्र कुणालाच जाता येत नाही.
नाक घातलंत की शीड फडफडतं, होडी जागीच उभी.
साहेबाच्या भाषेत होडी तेव्हा बेड्यांत असते.
(मी बावीस महिने होतो. पासपोर्ट
मालकाच्या कपाटात. ते पुन्हा कधीतरी.)
मग थोडं इकडे कापत जायचं, थोडं तिकडे,
याला म्हणायचं टॅक.
हर्णैला माझा बाप याला काहीच म्हणायचा नाही.
नुसती मान हलवायचा
आणि आम्ही परबान फिरवायचो.

मिहिका विचारते, अंकल, व्हॉट्स धिस?
हे पाण्यातलं पान, हा हातातला दांडा. सुकाणू.
तिने हा शब्द कधी ऐकलेला नाही.
पण धक्क्यावर जाळं विणत बसलेला
राशिद बिन खमीस मान वर करतो:
सुक्कान!
पिकअपच्या स्टिअरिंगलाही तो तेच म्हणतो.
कुठल्या गलबतातून आला असेल आमच्याकडे,
खजुरांच्या पोत्यांआडून,
आणि उतरला तो उतरलाच. कागद कुणी मागितले नाहीत.

म्हातारा दाताने सूत तोडतो आणि सांगतो,
आमच्यात सुक्कान म्हणजे राहणारी माणसंही.
लिहायला तेच, बोलायला तेच.
मग मला विचारतो, तुझी किती वर्षं झाली?
सव्वीस, मी म्हणतो.
खिशातल्या कार्डावर रहिवासी लिहिलंय
आणि खाली, बारीक अक्षरात,
कुठल्या तारखेपर्यंत.

असो. मिहिका, धर.
दांडा डावीकडे ढकललास की होडी उजवीकडे जाईल.
का, ते मला सांगता येणार नाही,
चार वेळा चुकलीस की हातालाच कळेल.
उद्या शमाल सुटणार म्हणतात,
आज वारा शहाणा आहे, तेवढ्यात निघू.
सोहोनीबाई, शीट सोडा.
ती नव्हे.
ती पण नव्हे.
ज्यावर तुम्ही बसलाय, ती.